काचेपलीकडचे अहो

लेस्टरला आमच्या घरी ज्या दिवशी पोळ्या नसत, त्या दिवशी माझा नवरा टोस्टला बटर फासता फासता एका माणसाच्या नावाने खडे फोडत असे. "तुमच्या त्या गृहस्थांना सांग, ग्रह सापडेल तेव्हा सापडेल, इकडे एक डॉक्टर उपाशी मरतोय." तो काही मरत-बिरत नव्हता. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दुपारी चिप्स हाणून यायचा. पण पोळी ती पोळी, आणि ती एका माणसाने बंद केली होती, हे मात्र खरं.

तो माणूस मला भेटला मुलाखतीत. मी नाशिकला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. लग्नानंतर इंग्लंडला आले आणि बरेच दिवस घरात बसून भिंतींशी भांडले. मग युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली. अंतराळात पाठवायची लहान लहान उपकरणं तिथे जुळवायचे. मुलाखत घेणाऱ्या तिघांत एक आपला मराठी माणूस होता. साठीकडे झुकलेला, उंच, आणि भुवया इतक्या दाट की त्यांना वेगळा कंगवा लागत असावा. आत सगळं इंग्रजीत झालं. मग ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच मराठीत म्हणाले, "पोळ्या रोज करता?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हा काय प्रश्न झाला? पुरुष उमेदवाराला विचारला असतात का?"

"विचारला ना. मघाच्या मुलाला विचारलं, घरी पिझ्झा करतोस का. कणीक ती कणीक. नखात राहते. कितीही धुवा, राहते." मग माझ्या नखांकडे बघून म्हणाले, "ज्या दिवशी क्लीनरूममध्ये जायचं, त्या दिवशी कणकेला हात लावायचा नाही. आदल्या रात्रीही नाही. जमेल?"

नोकरीची इतकी गरज होती की श्वास घ्यायचाही नाही म्हणाले असते तरी मी हो म्हटलं असतं.

क्लीनरूम म्हणजे जिथे धूळ म्हणून नाही अशी खोली. एका भिंतीला मोठी काच, बाहेरच्यांना आतलं दिसावं म्हणून. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर पट्टी, हातमोजे. नुसते डोळे आणि भुवया काय त्या उघड्या. त्या खोलीचे हे गृहस्थ मालक. कागदोपत्री मालक म्हणजे आमची हेड, हेलन नावाची स्कॉटिश बाई, पण दारात उभं राहून कुणाला आत घ्यायचं ते हेच ठरवायचे. पावडर चालणार नाही. तेल चालणार नाही. सेंट नाही, लोकरीचा स्वेटर नाही, सकाळी घरी उदबत्ती लावली असेल तर दुपारनंतर या. एकदा मी गजरा घालून आले होते, हौसेने, बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात मिळाला म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी डोक्यावर मेलेला उंदीर घालून आले आहे.

म्हटलं, "अहो, हे तर चक्क सोवळं झालं की!"

तेवढं मात्र त्यांना झोंबलं. साताऱ्याला त्यांची एक आत्या होती, कडक सोवळ्याची. लहानपणी शाळेतून आले की ती त्यांना ओट्याला शिवू देत नसे, वर चार शब्द ऐकवत असे. त्या सोवळ्याला कंटाळून मी समुद्र ओलांडला, असं ते अभिमानाने सांगायचे. देव मानायचे नाहीत. आणि मी त्यांना आत्याबाईंच्या पंक्तीला नेऊन बसवलं! दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "आत्याला धुळीचे कण मोजता येत नव्हते. मला येतात. एवढाच फरक आहे, हे कबूल."

मी त्यांना हाक काय मारायची हा मोठाच घोळ होता. लॅबमध्ये सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, हेलनलाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटायची. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'काका' म्हटलं तर म्हणाले, "ते महाराष्ट्र मंडळात. इथे नको." मग मी आपली "अहो" वर आले. दिवसभर आपलं अहो, हे बघता का, अहो, ते देता का. आमचा कीथ, लेथ मशीन चालवणारा, लठ्ठ आणि प्रेमळ, त्याला वाटलं की हे त्यांचं घरगुती नाव आहे. तोही म्हणायला लागला. त्याचं ऐकून हेलन. महिन्याभरात सगळी लॅब त्यांना 'अहो' म्हणत होती, आणि ते खुशाल ओ देत होते. त्यांच्या बायकोला हे कळलं तेव्हा ती हसून हसून लाल झाली. "अगं बाई! म्हणजे तिकडे ती गोरी हेलनही यांना अहो म्हणते? मग मी आता काय म्हणू?"

या काकू. मंडळात सगळ्या त्यांना काकू म्हणत, मीही. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. टिकली नाही बरं का, खरं कुंकू, डबीतलं, खाली मेण लावून. लेस्टरच्या थंडीतही. आणि औक्षणाची त्यांना भारी हौस. कुणीही कुठेही निघालं की ताम्हन आलंच. मुलाची परीक्षा, मुलीची ड्रायव्हिंग टेस्ट, शेजारच्या गुजराती आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळ्यांना ओवाळून झालेलं. कीथची बायको बाळंत होऊन घरी आली तर तिच्या दारात जाऊन ओवाळून आल्या, आणि कीथने लॅबमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं की त्यांनी माझ्या बाळाला आग दाखवली, बट इन अ नाइस वे. अहो पाटावर बसताना कुरकुर करायचे, पण बसायचे. "हिचं समाधान," म्हणायचे. ओवाळून झालं की न्हाणीघरात जाऊन कपाळ असं खसाखसा धुवायचे की कातडं निघावं.

चालायचे ते अगदी सावकाश. जोरात चाललं की अंगावरची धूळ उडते, हे त्यांचं शास्त्र, आणि ते क्लीनरूमपुरतं खरंही आहे. पण हे टेस्कोत भाजी घेतानाही तसेच चालायचे. मोठ्याने हसायचे नाहीत, टाळ्या वाजवायचे नाहीत, सतरंजी झटकणारा माणूस दिसला तर रस्ता ओलांडायचे. मंडळाच्या गणपतीत गुलाल निघाला की हे हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, फायर एक्झिटच्या दाराला पाठ लावून, तिथूनच ओठातल्या ओठात "मोरया" म्हणायचे. देव मानत नव्हते तरी.

त्याच मंडळात एकदा त्यांचं भाषण ठेवलं होतं. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, ते ताजं होतं, त्यामुळे गर्दी जमली. सगळ्यांना प्लूटोबद्दलच विचारायचं होतं. एक डॉक्टर तर इतके चिडलेले की जणू प्लूटो त्यांचा मेव्हणाच. अहोंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक गेला म्हणून काय रडताय? बाहेर असंख्य आहेत. प्रत्येक ताऱ्याला असतील. फक्त दिसत नाहीत."

"मग शोधायचे कसे?"

"बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे लाइट्स बघता ना? त्यातला एकच दिवा धरा. त्याच्याकडे बघत बसा. समोरून एक माशी गेली तर दिवा किंचित मंद होईल. माशी दिसणार नाही. मंद झालेलं कळेल. ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा तसंच मंद झालं तर समजायचं, माशी दिव्याभोवती फिरतेय. ती माशी म्हणजे ग्रह."

"त्याला केवढी दुर्बीण लागत असेल!"

तिथे अहोंचा चेहरा खुलायचा. हा त्यांचा आवडता प्रश्न. "मोठी दुर्बीण असते ना, तिला शंभर गिऱ्हाइकं. प्रत्येकाला जरा जरा वेळ. मला लागणार आहे ती दिवसचे दिवस एकाच ताऱ्याकडे टक लावून बसणारी. ती लहान का असेना. ब्रेडच्या लादीएवढा उपग्रह, आत एक भिंग. वर गेला की हवा मध्ये येत नाही, तारा लुकलुकत नाही. नुसतं बघत बसायचं. बघत बसणं हे सगळ्यात अवघड काम आहे. कुणाला जमत नाही."

ब्रेडच्या लादीएवढा तो उपग्रह आम्ही तेव्हा बनवत होतो. अहोंचीच कल्पना. आणि यात त्यांचं काय अडकलं होतं, ते मला कीथने सांगितलं. त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या दुर्बिणींची झाकणं बनवण्यात गेली होती. अगदी खरं. मोठमोठ्या मोहिमांच्या उपकरणांना लागणारी झाकणं, पट्ट्या, बिजागऱ्या. भिंग दुसऱ्याचं, तारा दुसऱ्याचा, झाकण यांचं. या वेळी भिंग त्यांचं, तारा त्यांचा, आणि शेवटचं झाकण ते स्वतःच्या हाताने लावणार होते. "आपल्या भांड्याला आपण एकदा तरी झाकण घालावं," असं म्हणायचे. एका मोठ्या उपग्रहाच्या रॉकेटवर कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, ती हेलनने गोड बोलून मिळवली होती. वसंतात आमचा उपग्रहाचा डबा रॉकेटवाल्यांच्या हवाली करायचा. नाही पोचला तर रॉकेट कुणासाठी थांबत नाही. आणि त्या उन्हाळ्यात अहो रिटायर होणार होते.

डब्यात तारा बघणारी जी चिप असते, डोळ्यातल्या पडद्यासारखी, ती बसवली दिवाळीत. पाडव्याच्या दिवशी. ती बसवून वर काच सील केली, की पुन्हा उघडायची सोय नाही. उघडायची तर बनवणाऱ्यांकडेच पाठवावी लागते. अहोंनी ती स्वतः बसवली. मी शेजारी चिमटे देत होते. इतका स्थिर हात मी माझ्या नवऱ्याच्या सर्जन मित्रांचाही पाहिला नाही.

मग हिवाळाभर बाकीची जुळणी झाली आणि चाचणी आली. एका अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे सुईच्या भोकाएवढं छिद्र ठेवायचं, तो आमचा खोटा तारा. वर गेल्यावर डबा जसा मंद मंद डुलणार, तसा तो टेबलावर डुलवायचा आणि ताऱ्याचा उजेड मोजायचा. दिवा स्थिर, तेव्हा आलेख सरळ रेषेत यायला हवा. आला. सरळ, सरळ, सरळ, आणि मग मध्येच एक सुंदर खळगा. उजेड किंचित उतरला, खाली थोडा थांबला, पुन्हा वर चढला. पुस्तकात छापलेला असतो तस्सा.

"वी हॅव अ प्लॅनेट!" कीथ ओरडला. सगळे हसले. हेलनने तर बिस्किटांचा डबा उघडला.

अहो हसले नाहीत. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा तोच खळगा. त्यांनी दिवा बदलायला लावला. तोच खळगा. मग ताऱ्याचा ठिपका चिपवर थोडा बाजूला सरकवला, तर खळगा गायब. परत आणला, तर हजर. म्हणजे दिव्याचा काही दोष नव्हता. चिपवर त्या जागी काहीतरी पडलेलं होतं, आणि ठिपका डुलत डुलत त्याच्यामागे गेला की झाकला जात होता.

सूक्ष्मदर्शकाखाली काचेतून बघितलं. एक कण. लालभडक.

"रंगाचा टवका असेल," कीथ म्हणाला. "पण आपल्याकडे लाल रंग आहे कुठे?"

मी बघितलं आणि ओळखलं. मला काय, कुठल्याही मराठी बाईला तो रंग झोपेत ओळखता येईल. मी वर मान केली. अहो माझ्याकडेच बघत होते. त्यांचा हात आपोआप भुवयांकडे गेला. त्या दाट भुवया. पाडव्याच्या सकाळी काकूंनी ओवाळलं होतं, यांनी कपाळ खसाखसा धुतलं होतं, पण भुवया कोण धुतं?

मी सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाले. बोलले ते. सगळ्यांसमोर, नेहमीच्या सावकाश आवाजात, "इट्स माइन. मी आणलाय तो."

हेलनने समजूतदार तोडगा काढला. एवढीशी जागा आहे, तिथे तारा जाऊच द्यायचा नाही. गेलाच तर कॉम्प्युटरला सांगायचं, तेवढं मोजू नकोस. सगळेच असं करतात, चिप कुणाचीच निर्दोष नसते. रॉकेट तर गाठायलाच हवं. आणि मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुझ्याकडे पुढचं वर्ष नाहीये."

"नाहीये," ते म्हणाले. "पण तो कण चिकटलेला नाही. वर जाताना रॉकेटच्या हादऱ्यांनी सरकेल, दुसरीकडे जाऊन बसेल. कुठे, ते आपल्याला कळणार नाही. उद्या तिथे खळगा दिसला तर तो कुणाचा, ताऱ्याचा की माझ्या बायकोचा? मी काय सांगू लोकांना?"

दोन दिवस वाद चालला. शेवटी चिप काढून बनवणाऱ्यांकडे साफ करायला गेली आणि रॉकेट आमच्याशिवाय गेलं. त्या संध्याकाळी कार पार्कमध्ये अहो मला म्हणाले, "एक कर. हिला सांगू नकोस."

"छे हो. मी कशाला सांगू?"

"रॉकेटवाल्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं, असं सांगितलंय मी. ती देव पाण्यात घालून बसली होती." आणि मग, मी त्यांना पहिल्यांदाच असं बघितलं, गाडीच्या टपावर जोरात हात आपटून म्हणाले, "तिची काय चूक आहे? ओवाळायला मी बसलो ना!"

काकूंनी रॉकेटवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मेल्यांचं वाटोळं होवो म्हणाल्या. आम्ही दोघं माना डोलवत ऐकत राहिलो.

उन्हाळ्यात अहोंच्या निरोपाचा बार्बेक्यू झाला, हेलनच्या बागेत. कीथ बिअरचा ग्लास घेऊन काकूंशेजारी बसला. तो बिचारा मनाने निर्मळ. अहोंचं कौतुक करायला गेला. "असा माणूस बघितला नाही. एवढासा लाल पावडरचा कण, पण म्हणाला माझा आहे, आणि रॉकेट सोडून दिलं. ब्लडी हीरो!" मी समोर कांद्याची साल काढत होते. काकूंनी हातातली प्लेट हळूच खाली ठेवली. त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि तसाच खाली आला. "येस," म्हणाल्या, "ही इज लाइक दॅट."

नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी मंडळात भेटल्या तेव्हा कपाळावर टिकली होती. मरून रंगाची, छोटी. मला बघून म्हणाल्या, "आता या वयात कोण मेण नि कुंकू करत बसणार, गं." कपाळ अहोंचं, ओवाळणं काकूंचं, आणि सगळ्यांची तोंडं शिवलेली.

त्या पाडव्याला आम्ही दोघं त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. चकल्या होत्या, अनारसे होते, ताम्हन नव्हतं. पाट मांडला नाही. माझ्या नवऱ्याने, अक्कल गहाण ठेवून, विचारलंच, "काय काकू, आज काकांना ओवाळणार नाही?" काकू म्हणाल्या, "ते रिटायर झाले, आता कुठे निघालेत?" आणि चहा टाकायला आत गेल्या. अहो सोफ्यावर बसले होते. मला म्हणाले, "बरेच महिने झाले, असंच आहे. मुलाच्या वाढदिवसालाही नाही. उदबत्तीसुद्धा नाही. काही म्हणून नाही." मग चकली उचलत म्हणाले, "घर कसं क्लीनरूमसारखं झालंय. मला नाही आवडत."

"काकूंना कळलंय," मी म्हटलं. "कीथने सांगितलं, बार्बेक्यूला."

ते चकली हातात धरून बसून राहिले. तिचे तुकडे खाली गालिच्यावर पडत होते, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी हेलनने दुसऱ्या एका रॉकेटवर जागा मिळवली. बाई चिवट. अहोंना मानद म्हणून परत बोलावलं, पगार नाही, पण पांढरा झगा त्यांचाच, खुंटीवर तसाच ठेवलेला. ते रोज यायचे. सगळं पुन्हा तपासलं. चाचणीत आलेख आला तो असा सरळ की त्यावर धुणं वाळत घालावं. मग एकच काम उरलं. झाकण लावायचं. दिवस ठरला, आणि अर्थातच, आमच्याकडे टोस्ट.

त्या सकाळी मी झगा चढवून आत वाट बघत होते. भिंग साफ, झाकण पुसून ठेवलेलं, स्क्रू मांडलेले, सगळं त्यांच्या हातासाठी. ते यायची वेळ झाली आणि ते आले, पण दाराकडे वळलेच नाहीत. काचेपलीकडे येऊन उभे राहिले. आणि मी बघतच राहिले. कपाळावर उभं लालभडक कुंकू, नाकापर्यंत ओघळ आलेला, त्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. भुवयांतही होतं. धुतलं नव्हतं, पुसलं नव्हतं. तसेच बसने आले होते गावातून. शेजारी काकू. लॅबमध्ये पहिल्यांदाच आलेल्या, कोट छातीशी घट्ट धरून, कावरीबावरी नजर. कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू परत आलेलं.

भिंतीवर बोलायचं यंत्र होतं. त्यातून त्यांचा आवाज आला. "मी आज ओवळा आहे. आत येता येणार नाही. तू लाव."

"अहो, असं काय करता! झाकण तुमचं आहे. धुऊन या, भुवया नीट धुवा, मी थांबते. हेलन पण थांबेल!"

"नाही. हिला मी सांगून बसलोय, की आज मी आत जाणारच नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मग कुठे ताम्हन काढलंन."

काकू काचेला नाक लावून म्हणाल्या, "मी नको नको म्हणत होते गं. ऐकेनात. पाट स्वतः मांडला, आणि बसले. म्हणाले, ओवाळ, नाहीतर मी घरातून हलतच नाही." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अहोंनी खिशातून रुमाल काढून दिला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की रुमाल झटकून उघडायचा नसतो, म्हणून सावकाश घडी उलगडून दिला.

माझे डोळे भरून आले होते आणि झग्यात डोळे पुसता येत नाहीत. "रडू नकोस," यंत्रातून आवाज. "पाणी पडेल. श्वास सोड. हं. आता उचल. दोन्ही हातांनी. हळू."

मी झाकण उचललं. भिंग शेवटचं दिसलं, काळंभोर, त्यात छतावरचा दिवा लहानसा. मी डबा जरा काचेकडे वळवला, त्यांनाही दिसावं म्हणून. ते वाकले. काकूही वाकल्या. कुंकवाची दोन कपाळं काचेला टेकलेली. मग मी झाकण बसवलं. सगळे स्क्रू एकेक करून आवळले.

तो डबा वर गेला, नीट गेला. त्याला आधी एक परीक्षा द्यायची होती. मोठ्या दुर्बिणींना आधीच सापडलेला एक ग्रह आहे, आपल्या ताऱ्याला अगदी बिलगून फिरणारा. तो आमच्या ब्रेडच्या लादीला दिसतो का, एवढंच बघायचं होतं. बरेच आठवडे डबा टक लावून बसला. मग एका रविवारी दुपारी हेलनने ईमेलवर आलेख पाठवला, आणि मी तो छापून, नवऱ्याला गाडी काढायला लावून, अहोंच्या घरी घेऊन गेले.

जेवणाच्या टेबलावर चकल्यांची ताटली बाजूला सारून कागद पसरला. सरळ, सरळ, आणि मग खळगा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीचा. काही दिवसांनी पुन्हा, तेवढाच. अहोंनी चष्मा कपाळावर ढकलला, परत डोळ्यांवर घेतला. बोटाने खळगा चाचपला. मग त्यांनी काकूंकडे कागद सरकवला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "बघ बरं. हे तुझं नाही ना?"

त्या एका गोष्टीवर त्या घरात कधी कुणी थट्टा केली नव्हती. काकूंनी कागद उजेडात धरला, खळगा नीट न्याहाळला, आणि नाक मुरडलं.

"माझं? छट्! इतकं पुसट कुंकू मी जन्मात लावलेलं नाही."

अहो हसले. मोठ्याने, तोंड उघडून, टेबलावर हात आपटून, चकलीचा सगळा चुरा उडवत.